लिंबू आणि राख

दौलत नखं घासत बसला होता. लिंबू झालं, चुलीतली राख झाली, तरी लाल रंग हटेना.

"निळ्याच्या माणसाला लाल कुठून लागला?" मालनने विचारलं. बायकोला काय सांगणार? तो मान खाली घालून घासत राहिला.

ठाण्याच्या त्या सूतगिरणीत निळा रंग दौलतचा आणि लाल सहदेवचा. नखं बघून कोण कुठला ते दरवानही सांगे. रंगखातं बंद राहू नये म्हणून दौलतची सुट्टी गुरुवारी आणि सहदेवची रविवारी.

महिन्यापूर्वी खातेप्रमुख प्रभाकरपंतांनी दौलतला बाजूला घेतलं. पुढच्या महिन्यापासून एकच रंगारी राहणार होता. रविवारी माझ्याकडून लाल शिकून घे, सहदेवला कळू देऊ नकोस, असं ते म्हणाले. घरात तीन पोरं. दौलत हो म्हणाला.

तेव्हापासून सहदेवची घटका भरत आल्याची लक्षणं त्याला पदोपदी दिसू लागली. सहदेवकडे सूत कमी येई. पंत त्याच्या चुका काढीनासे झाले. पंत हल्ली दौलतवरही ओरडत नसत, पण ते मर्जी बसल्यामुळे.

पुस्तकातलं माप पंत सांगत, हाताची खुबी मात्र सहदेवकडूनच काढावी लागे. तो बिचारा हातचं न राखता सांगे. बोलता बोलता निळ्याचंही विचारी. शरमेपोटी दौलत त्याला सगळं सांगून टाकी.

त्या शुक्रवारी सहदेव बोटांना फडकं बांधून आला. वाफेनं भाजलं म्हणाला. तशा हातानंही त्याने दौलतसाठी अळूवड्या आणल्या होत्या. दौलतने उचललेली वडी परत डब्यात ठेवली. आपण किती नीच आहोत, असं त्याला वाटलं.

"सहदेव, माझ्या हातून एक पाप झालंय रे."

"आधी जेवून घे," सहदेव खाली बघत म्हणाला.

तेवढ्यात काळुराम शिपाई कामावरून कमी केल्याचा लखोटा घेऊन आला. दौलतने डोळे मिटून घेतले. सहदेवचं तोंड बघण्याची त्याची छाती नव्हती.

डोळे उघडले तेव्हा लखोटा त्याच्याच डब्याशेजारी होता. वर नाव त्याचंच होतं.

सहदेवने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. त्या नादात फडकं सुटलं. बोटं कुठेच भाजलेली नव्हती. त्यांना लिंबाचा वास येत होता, आणि नखं निळी होती.