कानामागचा कप्पा

मिरजेत मल्लखांबाचे प्रशिक्षक हणमंतराव घोरपडे यांचा सत्कार होता. शाल-श्रीफळ झालं आणि निवेदकाने विचारलं, "सर, तुमच्या सुवर्णपदकाची आठवण सांगा ना!"

हणमंतरावांनी कपाळावर हात मारला. "कालच मागवायला हवी होती, राहूनच गेलं. लडाखच्या कोठारात पडलीये ती. यायला रात्र होईल."

हशा पिकला. सगळ्यांचंच तसं होतं. रोज न लागणाऱ्या आठवणी कानामागे बसवलेल्या इवल्याशा कप्प्यातून आपोआप त्या लांबच्या कोठारात जात.

"मग मुलीबद्दल काहीतरी?"

"रेवती तेव्हा दुसरीत होती," ते लगेच बोलू लागले. "खांबावरून पडली. कोपर सोललं, लाल रिबीन सुटली. पण रडली नाही. रिबीन दातात धरून पुन्हा चढली. मी आपला खालून ओरडतोय, पाय ताणून धर!"

पहिल्या रांगेतल्या रेवतीला वडिलांनी कधीच शाबासकी दिली नव्हती. पण ती त्या कोठारांचीच इंजिनिअर होती. रोज काढून पाहिल्याशिवाय इतकी जुनी आठवण कानामागे टिकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खुर्चीत बसल्या बसल्याच तिने पाठ ताठ केली आणि पाय ताणून धरले.