सगळ्याला पुरेल अशी लेन्स

छायाचित्रकाराने दुसऱ्या लेन्सच्या काचेवर हलकी फुंकर घातली, ती उजेडाकडे धरली आणि समाधानाने मान डोलावली. पहिली त्याने केव्हाच बाजूला सारली होती. तिची झेप लांबची. पण टोकाला गेली की सारे धूसर. नुसतीच उंची वाढलेल्या पोरासारखी आहे, असे तो म्हणाला, तेव्हा दुकानदार खुदकन हसला होता.

लेकीने साधा, शिकाऊंचा कॅमेरा घेतलाय, त्याला जवळचे-लांबचे सगळे टिपणारी एकच लेन्स हवी, आणि तुझ्याशिवाय कुणाला विचारू, असे संपादकाने काल त्याला जिन्यात गाठून सांगितले होते. दोघे एकाच वर्षी त्या वृत्तपत्रात लागलेले. कचेरीत ‘साहेब’, कचेरीबाहेर अरे-तुरे. त्या मुलीचे पहिले पाऊल याच्याच कॅमेऱ्यात उमटले होते. त्यामुळे आज तो घरचेच कार्य असल्यासारखा, दाढीबिढी करून संपादकाबरोबर दुकानात आला होता.

दुकानातल्या कॅमेऱ्याला लेन्स जोडून तो मागे सरला. संपादकाला म्हणाला, हस जरा, आणि एक फोटो काढला. मग लेन्सचे कडे फिरवून समोरच्या गच्चीवर वाळणारा टॉवेल धाग्यादोऱ्यांसकट ओढून आणला.

“समज, मोठा हॉल आहे,” संपादक म्हणाला. “व्यासपीठ लांब, उजेड बेताचा, फ्लॅश चालत नाही. जमेल?”

“तुझी लेक सभा गाजवायला निघालीय की काय?”

संपादक हसला, पण जरा उशिरा. मग त्याने विचारले, हातात वही-पेन असताना ही फिरवता येईल का.

छायाचित्रकाराने करूनच दाखवले. वही काखेत, पेन दातांत, कोपर बरगडीला टेकलेले आणि डाव्या तळहातावर लेन्सचे वजन, झोपेतल्या पाखरासारखे. गर्दीचे धक्के खात कमावलेली ही युक्ती त्याने आजवर कुणाला दिली नव्हती. संपादकाला ती घरी पोरीला नीट समजावता यावी म्हणून त्याने पुन्हा एकदा, सावकाश करून दाखवली.

दुकानदार खूश झाला. “मग सहाही कॅमेऱ्यांना हीच देऊ ना, साहेब?” त्याने संपादकाला विचारले आणि छायाचित्रकाराच्या मागच्या फळीकडे बोट केले. “सकाळीच काढून ठेवलेत.”

छायाचित्रकाराने वळून पाहिले. एकावर एक रचलेली सहा खोकी. कचेरीत बातमीदार सहा होते. छायाचित्रकार एक.

त्याने दातांतले पेन काढून काउंटरवर ठेवले.

“पुढच्या महिन्यापासून फोटो तेच काढणार,” संपादक म्हणाला. “वरून आलंय. तुला सांगणारच होतो.”

“आणि तुझी लेक?”

संपादकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. “तिला कसला आलाय नाद,” तो म्हणाला. “खरं सांगितलं असतं, तर आला असतास का तू?”

दुकानदार उगाच काउंटरवरच्या मखमली फडक्याची घडी करू लागला. पहिली लेन्स अजून तिथेच पडली होती. तिच्याकडे नुसते बोट दाखवायचा अवकाश, सहा माणसे वर्षानुवर्षे धुके छापत राहिली असती आणि कुणाला कधी कळले नसते.

“गुरू,” संपादक हळू आवाजात म्हणाला, “हीच चांगली ना? खरं सांग.”

छायाचित्रकाराने सवयीने मघाचा फोटो पडद्यावर आणला आणि मोठा करत गेला. रेषा फुटली नाही. मिशीतला पांढरा केस दिसला, मग पापण्या, मग बुबुळ. ओठ त्याच्याकडे बघून हसत होते. डोळे त्याच्या खांद्यावरून मागे, त्या फळीकडे लागलेले होते.

“हीच घ्या, साहेब,” तो म्हणाला.

मग तो लेन्सचे झाकण शोधू लागला. काउंटरवर पाहिले, फडक्याखाली पाहिले, खिसे चाचपले. दुकानदारानेच शेवटी बोट दाखवले, तेव्हा त्याने मूठ उघडली. झाकणाची कड तळहातावर गोल उमटली होती.