तीन प्रती

दहावीची पोरं दाखल्यासाठी ताटकळली होती; प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या एसटीनं हिंगोली गाठायची होती. पण शाळेच्या लिनक्स संगणकाची डिस्क भरल्यानं छपाई अडलेली. संगणक शिकवणाऱ्या संगितानं पाहिलं, तर कारकून बंडोपंतांनी प्रत्येक दाखला तीनदा साठवलेला. “काका, दोन-दोन पुसते.” टेबलावरचा कार्बनपेपर कुरवाळत बंडोपंत कळवळले, “नको गं. मागं दाखल्यांचं एकच रजिस्टर होतं, वाळवीनं खाल्लं. तांड्यावरच्या पोरीची जन्मतारीख शाबीत झाली न्हाई. लागलेली नोकरी गेली.” तांड्यावरच वाढलेल्या संगितानं हात आवरला, दर दाखल्याची तिन्ही नावं राखून ती एकाच फाईलला जोडली, जादा फाईली तेवढ्या काढल्या. जागा झाली, प्रिंटर घरघरला, पोरं पळाली. “नावं तीन, फाईल एकच! बिघडली तर?” बंडोपंतांनी विचारलं. तिनं सगळं सीडीवर उतरवून दिलं. सीडी कार्बनपेपरात गुंडाळून बंडोपंत तिथंच घुटमळले. “बसा, काका. अजून दोन सीड्या काढून राहिले मी,” संगिता म्हणाली.