खजुराच्या बीएवढी गोळी

"गिळलीन एकदाची!" डॉक्टरांनी रिकामा पेला बाजूला ठेवला. यासीनने मात्र हृदयाच्या मॉनिटरवरची नजर हलवली नाही.

त्याच्या अम्माला, हफीजाबीला, दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला. आता पोटात कुठेतरी रक्त झिरपत होतं. बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं, वरनं नळी घातली, खालनं घातली, जागा काही सापडेना. राहिली होती ही कॅमेऱ्याची गोळी. खजुराच्या बीएवढी, लुकलुकणारी, आतड्यातनं फिरत फोटो काढणारी. पण फोटो ती कमरेला बांधलेल्या पट्ट्याकडे बिनतारी पाठवते, त्या लहरींनी पेसमेकर बिघडेल म्हणून पेसमेकरवाल्याला देऊ नये, असं तिच्याच कागदावर छापलेलं. मुंबईत काहींना दिली, कुणाला काही झालं नाही, म्हणून रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हिय्या केला.

"ती रेघ जरा जरी वाकडी झाली, तर पुन्हा गोळीचं नाव काढायचं नाही," मॉनिटरकडे बोट दाखवत यासीनने आधीच बजावलं होतं.

अम्मा पांघरुणाखाली पोटावर हात ठेवून निवांत पडलेली. कमरेच्या पट्ट्यावरचा दिवा उघडझाप करत होता.

"डॉक्टर, लहानपणी भाट्याच्या समुद्रात मी अख्खी मुशी मासळी गिळलेली. जिती! तिचा पण फोटो येईल हां."

"अम्मा, गप पड गो!" यासीन गादीवर कोपर रोवून पुढे वाकला.

आणि रेघ बिथरली. आधी थरथरली, मग माडाएवढी उंच उडाली, मग नुसता गिचमिड काला. मॉनिटर केकाटायला लागला. डॉक्टरांचं तोंड चुन्यासारखं पांढरं. यासीनची पाचावर धारण बसली.

"काढा ती! पोट फाडा, पण काढा! मारलीत माझ्या अम्माला!"

"हफीजाबी, छातीत काय होतंय? बोला!"

"मला कशाला काय होतंय?" अम्माने पांघरुणातनं हात बाहेर काढला. मूठ उघडली. तळव्यावर गोळी काजव्यासारखी लुकलुकत होती.

डॉक्टरांनी रिकाम्या पेल्यात डोकावून पाहिलं.

"मी नुसतं पाणी प्यायले. म्हटलं, गोळी आत जायच्या आधीच कोण कोण मरतं ते बघू. यासीन, त्या मॉनिटरच्या वायरीवरचं कोपर उचल रे येड्या. आणि डॉक्टर, द्या आणखी घोटभर पाणी, आता गिळते!"