गोडाची गोळी

बारशाच्या जेवणाआधी गोडाच्या गोळ्यांचं तबक फिरलं. ही गोळी घेतली की दिवसभर शरीर चरबी जाळत नाही, सगळी साखरच जाळून टाकतं, म्हणून गोड कितीही खाल्लं तरी बाधत नाही. केतकीनेही एक उचलली. अंगावर पाजणाऱ्या बाईने ती घ्यायची नसते, हे तिला ठाऊक होतं. पण नऊ महिने ती गोडाला शिवली नव्हती, आणि एका गोळीने काय होतंय?

जेवून तिने बाळाला पाजलं, निजवलं. संध्याकाळी पाळणा म्हणून झाला, आत्याने कानात कुर्र केलं, तरी बाळ हललं नाही.

"किती गुणाची पोर!" शेजारच्या कुंदामावशी म्हणाल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं.

केतकीने बाळाच्या गालाला हात लावला. गाल गार, घामेजलेला. दुधातून गोळी बाळातही उतरली होती. अंगातली साखर संपली होती, आणि भुकेल्या वेळी चरबी त्याच्या कामी येत नव्हती. पदराखाली घ्यायची हिंमत तिला झाली नाही. तिने धावत साखरपाणी आणलं आणि बोटाने थेंब थेंब ओठांत सोडलं. हळूहळू बाळ चोखू लागलं, मग रडलं.

"दृष्ट लागली गं माझ्या नातीला!" सासूबाई मीठ-मिरच्या आणायला उठल्या. सगळ्यांच्या नजरा कुंदामावशींकडे वळल्या.

"आई, तसं नाही हो..." केतकीने सुरुवात केली, आणि गोळीचं नाव न काढता ती बाळाचं तोंड पुसू लागली.

कुंदामावशींनी आणलेलं झबलं पाळण्याखाली ठेवलं, आणि बाळाकडे न बघता त्या चपला शोधू लागल्या.