पाचवं मंगलाष्टक

"आवाज अजून माझाच वाटतोय," राजेश्वरी म्हणाली. तिनं कानांवरचा हेडफोन काढला, लगेच पुन्हा चढवला.

रिजवाननं माऊस सरकवला. कळंबच्या पेठेत, बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर त्याचा स्टुडिओ. लग्नसराईत तो मंगलाष्टकं रेकॉर्ड करून द्यायचा, दोन्हीकडच्या मामा-काकांच्या नावांसकट. अर्पिताच्या लग्नाची चार मंगलाष्टकं त्याच्या नेहमीच्या गायिकेनं म्हटली होती. पाचवं अर्पिताच्या आईनं, राजेश्वरीनं. रचलंही तिनंच. आणि ते कोण म्हणतंय हे मांडवात कुणालाही कळून चालणार नव्हतं.

नवरा जाऊन तिला चार वर्षं झाली होती. तिच्या सासरी विधवेनं मांडवात पुढं यायचं नाही, अक्षता टाकायच्या नाहीत. कन्यादानाला दीर योगीराज आणि जाऊ बसणार, हे ठरलेलंच होतं. सासूबाई द्वारकाबाई स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या, तरी रीतीच्या बाबतीत भलत्याच कडक. गेल्या साली पुतण्याच्या हळदीत राजेश्वरीनं नुसता ताटाला हात लावला, तर चार बायकांदेखत त्यांनी तिला आत पाठवलं होतं. तरी लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आपला आवाज तरी तिथं असावा, असं तिला वाटत होतं. फार वाटत होतं.

रिजवाननं तेवढंच कडवं निवडलं. पट्टी आणखी उतरवली, घुमारा वाढवला. आता कुणीतरी जाडजूड, पोक्त बाई गात होती.

"माझा आवाज पुसला तर नाही ना गेला?"

"न्हाय ताई. तुमचा आवाज खाली हाय तसाच हाय. हे इफेक्ट वरनं घातलेत. कमी करा, जास्त करा, काढून टाका, मूळ आवाजाला धक्का लागत न्हाय."

ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. उलट नवीच धास्ती लागली. काढता येतो म्हणजे कुणीही काढेल.

"कुणाला सांगणार नाही ना, रिजवानभाई?"

"शब्द दिला, ताई."

ती निघाली, अर्ध्या जिन्यातून परत आली आणि आवाज आणखी थोडा उतरवून घेऊन मगच गेली.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा योगीराज द्वारकाबाईंना घेऊन कळंबला गेला. येताना मंगलाष्टकांचा पेनड्राइव्ह घेऊन आला.

"वहिनी, आईला स्टुडिओत बसवून मी पत्रावळ्या बघून आलो. तिनं पाचवं मंगलाष्टक चार-चारदा लावाय लावलं म्हणं. कुणी म्हणलंय ते?"

"कुणी सोलापूरची बाई आहे म्हणे," राजेश्वरी कणकेत पाणी ओतत म्हणाली. ते जास्त झालं. चोराच्या मनात चांदणं! सासूबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर ती सुटली असती. दोन दिवस तिला ना धड जेवण गेलं, ना कुठं दोन मिनिटं बसवलं.

कार्यालयात ती भटारखान्याच्या दाराआड उभी राहिली. तिथून अर्पिताच्या मुंडावळ्या तेवढ्या दिसत होत्या. पहिलं मंगलाष्टक झालं. दुसरं झालं. दर खेपेला रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता उधळल्या जात होत्या. तिसरं, चौथं. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

पाचवं सुरू झालं, आणि स्पीकरमधून राजेश्वरीचा आवाज आला. पोक्त बाईचा नव्हे. तिचा स्वतःचा, जसा होता तसा.

पुढच्या रांगांतल्या माना वळल्या. योगीराज आ वासून स्पीकरकडं बघत राहिला. अंतरपाटामागं खाली मान घालून उभी असलेली अर्पिता एकदम वर बघून आईला शोधू लागली. राजेश्वरीची पाचावर धारण बसली. उमरग्याहून आलेली मुलाकडची माणसं काय म्हणतील? भरल्या मांडवात लेकीच्या लग्नाला आपणच गालबोट लावलं! मागच्या दारानं पळून जावं म्हणून ती वळली, तर वाटेत द्वारकाबाई उभ्या. शेवटच्या रांगेतून उठून, बाहेरून वळसा घालून आल्या होत्या. धाप लागली होती.

"आत्याबाई, माझं चुकलं. त्या रिजवाननं—"

"त्यानं काय बी सांगितलं न्हाय. म्या वळखलं. आवाज बदलला म्हणून दम घ्यायची जागा बदलती व्हय गं? वीस वर्सं देवापुढं तुझी आरती ऐकतीया. म्याच त्याला म्हनलं, वरचं समदं काढ."

बाहेर राजेश्वरीचं कडवं शेवटच्या ओळीला आलं होतं.

द्वारकाबाईंनी आपल्या मुठीतल्या अक्षता तिच्या ओंजळीत ओतल्या आणि तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं.

"चल म्होरं. तुझ्या लग्नात म्या कोठीच्या दारातनं टाकल्या व्हत्या. माझ्या लेकापतुर एकबी पोचली न्हाय."