आधी कोण बोललं

विभावरी इंगवले संचालकांसमोर शेवटचा मुद्दा मांडत होती. भट्टीची वाया जाणारी उष्णता नळीने वळवून तिच्यावरच साचे सुकवायचे. ही योजना मंजूर झाली, तर ती ओतकाम कारखान्याची पहिली महिला प्रमुख होणार होती.

तेवढ्यात टेबलावरचं साक्षीयंत्र बोललं, "ही कल्पना सतरा दिवसांपूर्वी साचे विभागातल्या नसीमा मुजावर यांनी मांडली होती."

कारखानाभर कान असलेलं, कोणती कल्पना आधी कुणी मांडली हे नोंदवणारं हे यंत्र विभावरीनेच भांडून बसवून घेतलं होतं. कारण वर्षानुवर्षं तिच्या सूचना पुरुषांच्या तोंडून पुन्हा ऐकू येत आणि श्रेय त्यांना मिळे.

नसीमाला वर बोलावलं. ती हातमोजे काढतच आत आली.

"तू मला हे सांगितलं होतंस?" विभावरीने विचारलं.

"होय मॅडम, जिन्यात. तुम्ही 'बघूया' म्हणालात आणि फोन घेतलात."

"यंत्र चुकलं असेल. पुढे चला," एक संचालक म्हणाले.

नुसती मान हलवली असती, तरी विभावरीची बढती पक्की होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली आणि पडद्यासमोरून बाजूला झाली. "नसीमा, पुढचं तू सांग."

नसीमाने पडद्यावरचा आराखडा निरखला. "नळी वरून नाही, खालून न्यायची. इथे दाखवलीय तशी वरून बसवली तर सगळे साचे तडकतील."

संचालक खुर्च्या पुढे ओढून पाहू लागले. भिंतीशी उभ्या विभावरीला मात्र एकच विचार छळत होता. आजवर आपण आणखी कुणाकुणाचं ऐकलंच नाही?